साक्षीदाराच्या पिंजऱ्यापलीकडे : आंतरराष्ट्रीय फौजदारी खटल्यांत पीडितांचे स्थान

हेगचे न्यायालय म्हटले की आपल्या घरांत पहिले नाव निघते ते कुलभूषण जाधव यांचे. १७ जुलै २०१९ रोजी त्या खटल्याचा निकाल लागला तेव्हा बेळगावपासून बडोद्यापर्यंत अनेक जण टीव्हीसमोर बसून होते. जाधव यांना भारतीय वकिलातीशी संपर्क साधू द्यावा आणि त्यांच्या शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करावा, असे न्यायालयाने पाकिस्तानला बजावले. मात्र त्या खटल्यात जाधव स्वतः पक्षकार नव्हते. पक्षकार होते भारत आणि पाकिस्तान. त्या न्यायालयात देश देशाविरुद्ध उभा राहतो, एकटा माणूस तेथे दाद मागू शकत नाही.

त्याच हेग शहरात दुसरेही एक न्यायालय आहे. त्याचे नाव आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. तेथे देशांवर नव्हे, व्यक्तींवर खटले चालतात. वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमण या चार प्रकारच्या गुन्ह्यांचा तेथे न्याय होतो. बातम्यांत या दोन न्यायालयांची नेहमी गल्लत होते. या लेखाचा विषय दुसऱ्या न्यायालयाशी निगडित आहे. ज्यांच्यावर हे गुन्हे घडले, ज्यांची गावे जळली, मुले पळवली गेली, त्या माणसांना या खटल्यांत नेमकी जागा कोणती? ते फक्त साक्ष देऊन परत जाणारे लोक आहेत की खटल्यातले कोणी आहेत?

पीडित कोणाला म्हणायचे?

मराठीत आपण ‘बळी’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा मृत व्यक्ती डोळ्यांसमोर येते. ‘पीडित’ म्हटले की जगून मागे राहिलेली व्यक्ती येते. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या नियमांत दोघांनाही जागा आहे. न्यायालयाच्या कक्षेतील गुन्ह्यामुळे ज्यांना हानी पोचली त्या सर्व व्यक्ती पीडित ठरतात. हानी शरीराची असेल, मनाची असेल किंवा मालमत्तेची. मारल्या गेलेल्या माणसाचे आई-वडील आणि मुलेही त्यात येऊ शकतात. शिवाय धर्म, शिक्षण, कला, विज्ञान किंवा सेवाकार्य यांना वाहिलेल्या संस्था, ऐतिहासिक वास्तू आणि रुग्णालये यांच्या मालमत्तेला थेट हानी झाली असेल, तर त्या संस्थाही पीडित मानल्या जातात.

हा शेवटचा भाग वाचताना विचित्र वाटेल, पण मालीमधील टिंबक्टू शहराच्या खटल्यात त्याचा अर्थ उलगडला. २०१२ साली तेथील संतांच्या जुन्या कबरींच्या वास्तू पाडण्यात आल्या. आळंदी किंवा पैठणच्या समाधीशी आपले जे नाते आहे, तसेच नाते टिंबक्टूच्या लोकांचे त्या वास्तूंशी होते. या प्रकरणात अहमद अल महदी याने गुन्हा कबूल केला आणि २०१६ साली त्याला ९ वर्षांची शिक्षा झाली. पुढच्या वर्षी न्यायालयाने २७ लाख युरोंची भरपाई ठरवली. वास्तूंची हानी म्हणजे त्या शहरातील लोकांची हानी, हे न्यायालयाने मान्य केले.

न्यूरेंबर्ग आणि त्यानंतर

ही व्याख्या इतकी मोठी व्हायला अर्धे शतक लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर नोव्हेंबर १९४५ ते ऑक्टोबर १९४६ या काळात न्यूरेंबर्ग येथे नाझी नेत्यांवर खटला चालला. अमेरिकेचे मुख्य अभियोक्ता रॉबर्ट जॅक्सन यांनी प्रामुख्याने जर्मनांच्याच कागदपत्रांवर भर दिला. माणसाची आठवण चुकू शकते, पण शत्रूची स्वतःची सही नाकारता येत नाही, असा हा विचार. खटल्यासाठी तो बिनतोड ठरला. परंतु छळछावण्यांतून वाचलेले फार थोडे लोक त्या न्यायालयात बोलू शकले. आउश्वित्झमधून वाचलेल्या फ्रेंच क्रांतिकारक मारी-क्लोद वाइयाँ-कूतुरिए यांची जानेवारी १९४६ मधील साक्ष आजही आठवली जाते, ती बरीचशी या दुर्मीळपणामुळेच.

टोकिओच्या खटल्यात आपले न्यायमूर्ती राधाबिनोद पाल होते आणि त्यांचे स्वतंत्र मतपत्र प्रसिद्ध आहे. त्या खटल्यातही जपानी सैन्याने लैंगिक गुलामगिरीत ढकललेल्या आशियाई स्त्रियांबद्दल वेगळा आरोप ठेवला गेला नव्हता. त्यांच्या बाजूने तो मागायला तेथे कोणीच नव्हते.

१९९३ साली युगोस्लाव्हियासाठी आणि १९९४ साली रवांडासाठी संयुक्त राष्ट्रांनी न्यायाधिकरणे स्थापन केली. तेथे पीडित मोठ्या संख्येने आले, पण साक्षीदार म्हणूनच. त्यांना स्वतःचा वकील नव्हता आणि त्या न्यायाधिकरणाकडून भरपाई मिळण्याचीही सोय नव्हती.

तरीही नुसत्या साक्षीने काय घडू शकते, हे रवांडाच्या अकायेसू खटल्यात दिसले. ज्याँ-पॉल अकायेसू हा ताबा या गावगटाचा प्रमुख. त्याच्यावरील मूळ आरोपपत्रात लैंगिक अत्याचाराचा उल्लेख नव्हता. साक्ष सुरू असताना एका स्त्रीने आपल्या लहान मुलीवर झालेल्या बलात्काराबद्दल सांगितले. न्यायपीठावर दक्षिण आफ्रिकेच्या, भारतीय वंशाच्या नवी पिल्ले होत्या आणि त्या पीठावरील त्या एकमेव स्त्री न्यायाधीश होत्या. न्यायाधीशांनी अधिक विचारणा केली, पुढे दुसरी साक्षीदारही बोलली आणि जून १९९७ मध्ये आरोपपत्रात दुरुस्ती झाली. २ सप्टेंबर १९९८ च्या निकालात बलात्कार हेही वंशसंहाराचे साधन ठरू शकते, असे एखाद्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने प्रथमच म्हटले. मात्र हे योगायोगाने घडले. ती स्त्री स्वतःहून बोलली नसती, किंवा समोर ऐकून घेणारे दुसरे कोणी असते, तर तो गुन्हा नोंदलाच गेला नसता.

रोमचा करार

योगायोगावर अवलंबून राहावे लागू नये म्हणून नियम लागतो. तो १७ जुलै १९९८ रोजी रोम येथे झालेल्या कराराने आला. करार १ जुलै २००२ पासून लागू झाला आणि त्यातूनच आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय उभे राहिले. भारताने त्या वेळी मतदानात भाग घेतला नाही आणि आजही आपण या न्यायालयाचे सदस्य नाही.

या करारातील तीन कलमे आपल्या विषयासाठी महत्त्वाची आहेत. कलम ६८ मधील तिसऱ्या पोटकलमानुसार पीडितांच्या हितसंबंधांना धक्का लागत असेल तेव्हा त्यांची मते आणि चिंता न्यायालयाने ऐकाव्यात. कलम ७५ नुसार दोषी ठरलेल्या व्यक्तीने पीडितांना भरपाई द्यावी, असा आदेश न्यायालय देऊ शकते. कलम ७९ नुसार पीडितांसाठी एक विश्वस्त निधी असावा.

पहिल्या कलमाला एक अटही जोडलेली आहे. हे सर्व आरोपीच्या हक्कांना आणि निःपक्षपाती सुनावणीला बाधा न आणता झाले पाहिजे. गेल्या वीस वर्षांतले बहुतेक वाद या एका अटीभोवती झाले आहेत.

भाग घ्यायचा म्हणजे काय करायचे?

समजा काँगोतल्या एका गावातील आईचा मुलगा बंडखोरांनी पळवला. तिला खटल्यात भाग घ्यायचा असेल, तर आधी अर्ज भरावा लागतो. आपण कोण, काय घडले, कधी व कोठे घडले, कोणती हानी झाली, हे त्यात सांगायचे. गावपातळीवरचे कार्यकर्ते त्यासाठी मदत करतात. न्यायालयातील एक स्वतंत्र विभाग अर्ज तपासतो आणि न्यायाधीश मान्यता देतात. ज्या गुन्ह्याचा खटला चालू आहे त्याच गुन्ह्याने हानी झालेली असली पाहिजे. शेजारच्या गावावर दुसऱ्या दिवशी हल्ला झाला असेल आणि तो आरोपपत्रात नसेल, तर तिचे दुःख खरे असूनही अर्ज मान्य होत नाही.

मान्यता मिळालेल्या प्रत्येकाने हेगला जायचे नसते. शेकडो लोकांसाठी मिळून एक वकील किंवा वकिलांचा गट असतो आणि ज्यांना खर्च झेपत नाही त्यांना न्यायालय मदत करते. हा वकील सुरुवातीला व शेवटी निवेदन करतो, परवानगी घेऊन साक्षीदारांना प्रश्न विचारतो, कायद्याच्या मुद्द्यांवर लेखी म्हणणे देतो. काही वेळा न्यायाधीशांच्या संमतीने पीडित स्वतः उभे राहून आपले म्हणणे मांडतात. ज्यांच्या जिवाला धोका आहे त्यांची नावे गुप्त ठेवली जातात, पडद्याआडून साक्ष घेतली जाते, आवाज बदलला जातो.

पीडित म्हणजे दुसरा सरकारी वकील नव्हे, हेही लक्षात घ्यायला हवे. आरोप काय ठेवायचे हे अभियोक्ताच ठरवतो. पीडितांना त्यात थेट बदल करता येत नाही.

लुबांगा : पहिला धडा

न्यायालयाचा पहिला खटला काँगोच्या इतुरी भागातील थॉमस लुबांगा याच्यावर चालला. १५ वर्षांखालील मुलांना सैन्यात भरती करून लढाईत वापरल्याचा आरोप त्याच्यावर होता. खटला जानेवारी २००९ मध्ये सुरू झाला आणि त्यात १२९ पीडितांना भाग घेता आला.

सुरुवातच अवघड झाली. पहिला साक्षीदार एक माजी बालसैनिक होता. साक्ष देता देता त्याने ती फिरवली. पुढे आणखी गंभीर बाब उघड झाली. अभियोक्त्यांच्या कार्यालयाने ज्या मध्यस्थांवर भिस्त ठेवली होती, त्यांच्यातील काहींच्या कामावर न्यायाधीशांनी कडक ताशेरे ओढले. पीडित म्हणून मान्यता मिळालेल्या काही जणांची ओळखच संशयास्पद ठरली आणि त्यांची मान्यता काढून घेण्यात आली. पीडितांना स्थान द्यायचे, तर त्यांची पडताळणीही तितकीच काटेकोर हवी, हा पहिला धडा. तसे झाले नाही तर खऱ्या पीडितांकडेही लोक संशयाने पाहू लागतात.

दुसरा धडा आरोपांविषयीचा. पळवलेल्या मुलींवर त्याच सैन्यात लैंगिक अत्याचार झाले होते, पण आरोपपत्रात ते नव्हते. २००९ साली पीडितांच्या वकिलांनी या बाबींचाही विचार व्हावा, असा अर्ज केला. खटला चालवणाऱ्या पीठाने बहुमताने तो उचलून धरला, पण त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये अपील पीठाने तो निर्णय रद्द केला. आरोपीला कोणत्या आरोपांना उत्तर द्यायचे आहे ते आधी ठाऊक असले पाहिजे, खटल्याच्या मध्यावर त्यात नव्या घटनांची भर घालता येणार नाही, असे अपील पीठाने म्हटले. २०१२ साली लुबांगा दोषी ठरला आणि त्याला १४ वर्षांची शिक्षा झाली, पण मुलींवरील अत्याचारांसाठी त्याला शिक्षा झाली नाही.

तरी ती मागणी वाया गेली नाही. लुबांगाच्याच सैन्यातील वरिष्ठ अधिकारी बोस्को न्तागांडा याच्यावर पुढे खटला चालला तेव्हा आपल्याच पथकातील बालसैनिकांवरील बलात्कार आणि लैंगिक गुलामगिरी हे आरोप सुरुवातीपासून होते. जुलै २०१९ मध्ये तो त्या आरोपांवरही दोषी ठरला. पीडितांच्या वकिलांनी मुद्दा मांडला त्याला तोवर दहा वर्षे झाली होती.

कंबोडियाचा वेगळा मार्ग

फ्रान्सच्या कायद्यात पीडित व्यक्ती फौजदारी खटल्यात दिवाणी पक्षकार म्हणून सामील होऊ शकते. कंबोडियावर पूर्वी फ्रान्सची सत्ता होती, त्यामुळे ती पद्धत तेथेही रुजली. ख्मेर रूज राजवटीतील (१९७५ ते १९७९) गुन्ह्यांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने नोम पेन्ह येथे विशेष न्यायालय उभारले गेले, तेव्हा पीडित तेथे पक्षकार झाले.

पहिला खटला ‘डच’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या काइंग गुएक इआव याच्यावर झाला. १२ हजारांहून अधिक लोकांना ज्या तुरुंगात छळून मृत्यूकडे पाठवले गेले, त्या एस-२१ तुरुंगाचा तो प्रमुख होता. ९० जणांनी पक्षकार म्हणून भाग घेतला. न्यायालयात बसून आपल्या भावाबद्दल, पतीबद्दल त्यांनी समोरच्या माणसाला प्रश्न विचारले. २६ जुलै २०१० रोजी निकाल वाचला जात असताना त्यांतील २४ जणांना कळले की, त्यांचे नाते पुरेशा पुराव्याने सिद्ध न झाल्यामुळे त्यांना पक्षकार मानता येत नाही. अपिलात काहींना ते स्थान परत मिळाले. पण इतके महिने त्या दालनात बसल्यावर निकालाच्या दिवशी ‘तुम्ही यातले नव्हेच’ असे ऐकावे लागणे हा त्यांच्यासाठी दुसरा घाव होता. त्यानंतरच्या मोठ्या खटल्यात ३,८०० हून अधिक पीडितांचा एकच गट करण्यात आला आणि त्यांची पात्रता आधीच ठरवली गेली.

या न्यायालयात पैशांच्या रूपात भरपाई नव्हती. डचच्या खटल्यात पीडितांची नावे निकालपत्रात नोंदली गेली आणि आरोपीने मागितलेली माफी एकत्र प्रसिद्ध करण्यात आली.

भरपाई : आदेश आणि पैसा

लुबांगाच्या खटल्यात डिसेंबर २०१७ मध्ये १ कोटी डॉलरची भरपाई ठरली. जर्में कतांगा याच्या खटल्यात बोगोरो गावावरील हल्ल्यातील २९७ पीडितांना प्रत्येकी २५० डॉलर ही प्रतीकात्मक रक्कम आणि त्याबरोबर घर, शिक्षण, उपजीविका व मानसोपचार यांसाठी सामूहिक मदत मंजूर झाली. डोमिनिक ओंग्वेन याच्या खटल्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये सुमारे ५० हजार पीडितांसाठी ५ कोटी २४ लाख युरोंहून अधिक रक्कम ठरली.

हे आकडे मोठे आहेत, पण यांतील दोषी व्यक्ती निर्धन असल्याचे न्यायालयाला आढळले. मग पैसे येतात विश्वस्त निधीतून, आणि तो प्रामुख्याने देशांच्या ऐच्छिक देणग्यांवर चालतो. त्यामुळे आदेश निघाल्यावरही हातात काही पडायला वर्षे जातात. बोगोरोवरचा हल्ला फेब्रुवारी २००३ मधला आणि भरपाईचा आदेश मार्च २०१७ चा. मधल्या चौदा वर्षांत लहान मुले मोठी झाली आणि वृद्धांमधील काही जण राहिलेच नाहीत.

त्याहून कठोर अनुभव मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातील पीडितांना आला. ज्याँ-पियेर बेंबा याच्या खटल्यात ५,२२९ पीडितांनी भाग घेतला. २०१६ साली तो दोषी ठरला आणि त्याला १८ वर्षांची शिक्षा झाली. ८ जून २०१८ रोजी अपील पीठाने त्याला निर्दोष सोडले. खटल्यातील भरपाई दोषसिद्धीला जोडलेली असल्यामुळे त्या सर्वांचा भरपाईचा मार्ग एका दिवसात बंद झाला. त्यांच्यावर अत्याचार झाले होते हे कोणी नाकारले नव्हते, फक्त त्यासाठी हा माणूस जबाबदार असल्याचे सिद्ध झाले नव्हते. त्यानंतर विश्वस्त निधीने त्या देशात खटल्याशी न जोडलेला मदत कार्यक्रम हाती घेण्याचे जाहीर केले.

ओंग्वेनचा खटला आणखी एका कारणाने विचार करायला लावतो. उत्तर युगांडात लोकांवर भयंकर अत्याचार करणारा हा सेनानी स्वतः लहानपणी शाळेच्या वाटेवरून पळवला गेलेला मुलगा होता. न्यायालयाने ते शिक्षा ठरवताना लक्षात घेतले आणि २५ वर्षांची शिक्षा दिली, पण गुन्ह्यातून त्याला मोकळे केले नाही.

आरोपीची बाजू

बचाव पक्षाची तक्रार समजून घेण्यासारखी आहे. एका बाजूला अभियोक्ता, त्याच्या जोडीला पीडितांचे वकील, आणि समोर एकटा आरोपी. शिवाय ‘पीडित’ हा शब्द वापरताच गुन्हा घडला हे आपण आधीच मानून बसतो. खटलाही लांबतो. या आक्षेपांवर न्यायाधीशांनी शोधलेला उपाय म्हणजे मर्यादा : परवानगीशिवाय प्रश्न नाही, पुनरुक्ती नाही, आरोपांत भर नाही. ही मर्यादा पीडितांच्याही हिताची आहे, कारण घाईने किंवा अन्यायाने मिळालेली दोषसिद्धी अपिलात टिकत नाही.

आपल्या घरापर्यंत

आपल्याकडेही फौजदारी खटला ‘सरकार विरुद्ध आरोपी’ असा चालतो. कसाबच्या खटल्यात सरकारी वकील उज्ज्वल निकम होते आणि २६/११ च्या हल्ल्यात जखमी झालेले लोक साक्षीदार म्हणून उभे राहिले. पीडितांना याहून वेगळे स्थान देण्याची सुरुवात आपल्या कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने झाली आणि १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते हक्क कायम आहेत. मंडळाच्या प्रत्येक कुटुंबाने माहीत करून घ्यावेत असे काही मुद्दे :

- पीडित या शब्दात पालक आणि कायदेशीर वारस यांचाही समावेश आहे.
- तपास कोठवर आला आहे, हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत तक्रारदाराला किंवा पीडिताला कळवायचे असते.
- न्यायालयाच्या परवानगीने पीडिताला सरकारी वकिलाच्या मदतीसाठी आपला वकील देता येतो.
- आरोपी निर्दोष सुटला, कमी गंभीर गुन्ह्यासाठी दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी वाटली, तर पीडिताला स्वतः अपील करता येते.
- लखीमपूर खेरी प्रकरणात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, आरोपीच्या जामिनाच्या टप्प्यावरही पीडिताचे म्हणणे ऐकले पाहिजे.

आणि सर्वांत महत्त्वाचे भरपाईविषयी. प्रत्येक राज्याने पीडितांसाठी भरपाई योजना करावी, असे कायदा सांगतो. गोवा, कर्नाटक, मध्य प्रदेश, गुजरात, तेलंगणा, आपण कोठेही राहत असलो तरी अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येतो. आरोपी सापडलाच नाही आणि खटला उभा राहिला नाही, तरीही हा अर्ज करता येतो. आरोपी सुटला तरी पुनर्वसनाची गरज आहे असे वाटल्यास न्यायालय शिफारस करू शकते. बेंबाच्या सुटकेनंतर त्या ५,२२९ लोकांसाठी हेगच्या न्यायालयात जो रस्ता उरला नाही, तो आपल्या कायद्यात निदान कागदावर तरी खुला आहे. मात्र पुष्कळ कुटुंबांना तो आहे हेच ठाऊक नसते. दुःखाच्या त्या दिवसांत घरच्यांना कायद्याची पुस्तके चाळणे सुचत नाही. अशा वेळी शेजारी, नातेवाईक किंवा मंडळातील कोणी त्यांच्यासोबत प्राधिकरणाच्या कार्यालयापर्यंत गेले, तर त्यांचा अर्ज वेळेत दाखल होऊ शकतो.